उठता-बसता

आमची ठमी एकाएकी संस्कारी झाली, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

ठमी म्हणजे आमची मांजर. वय तेरा. स्वयंपाकघराचा ओटा आपल्या नावाने सातबाऱ्यावर चढलेला आहे अशा थाटात ती बारा वर्षं त्यावर वावरली. दुधावरची साय, कढवलेल्या तुपाची बेरी, झाकण सरकलेलं दही, सगळ्याची रोज पाहणी. आरडाओरडा झाला, लाटणं आपटून झालं, लिंबाच्या साली मांडून झाल्या. काडीचा उपयोग नाही. आणि गेल्या दिवाळीनंतर तिने ओट्यावर चढणंच सोडलं. खाली पायपुसण्यावर बसायची आणि मान वर करून ओट्याकडे बघत राहायची. सुटलेल्या एसटीकडे बघतात तशी.

"बघा, लागलं की नाही वळण?" आमची ही म्हणाली. बारा वर्षांच्या शिस्तीचं श्रेय तिने एका वाक्यात घेतलं. मी म्हटलं, वय झालं की विरक्ती येते. त्यावर "तुम्हाला कुठे आलीय?" असं म्हणून तिने श्रीखंडाचं भांडं माझ्यापुढून उचललं.

दोघंही चुकलो होतो. वळण नव्हतं आणि विरक्तीही नव्हती. ठमीचे सांधे धरले होते.

हे आम्हाला कळलं फार उशिरा, आणि तेही कुत्र्याच्या निमित्ताने. कुत्रा लॅब्रॅडॉर, वय बारा, नाव ब्रुनो. हे नाव आम्ही कोथरूडला असताना ठेवलेलं. निवृत्तीनंतर कासार आंबोलीला घर बांधून राहायला आलो आणि आठवड्याच्या आत गावाने त्याचं पुन्हा बारसं केलं. ब्रुनो हे काही कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून वरुण. जून लागला की मुळशीत जे काही कोसळतं ते बघता नाव शोभूनही दिसलं. वजन आणि वय पाहून लोकांनी पुढे 'राव' जोडलं. मला गावात आजही 'वरुणरावांचे काका' याच नावाने ओळखतात. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, पण कमावलेली ओळख ही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: चांदणी चौक सोडून पौड रस्त्याने निघालं की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग आमचं गाव. तालुक्याचं पौड त्याच्याही पुढे. आंबेमोहराची खाचरं होती तिथे आता बांधाबांधावर प्लॉटिंगचे फलक आहेत, आणि अशाच एका फलकामागे आमचं घर आहे. म्हणजे मुळशी बदलली म्हणून गळा काढायचा अधिकार मला नाही. मी त्या बदलातच राहतो, वर त्याची घरपट्टी भरतो.

घर बांधताना फरशी कुठली, यावर आमच्याकडे दोन महिने खलबतं चालली. शेवटी दुधी रंगाची, आरशासारखी व्हिट्रिफाइड बसली. तोंड दिसतं तिच्यात. पाय मात्र ठरत नाहीत.

या फरशीवर वरुणराव उठायचे कसे, ते एकदा सविस्तर सांगितलं पाहिजे. आधी पुढचे दोन पाय ताठ. मग एक विराम, त्यात दीर्घ निःश्वास. मग मागचा डावा पाय रोवायचा प्रयत्न. तो पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला घसरत जाणार. तो घसरतोय हे वरुणराव मान वळवून बघणार, जणू पाय कुणा पाहुण्याचा आहे आणि त्याला बोलावं कसं याचा संकोच वाटतोय. मग पाय गोळा करायचा, पुन्हा रोवायचा, पुन्हा घसरायचा. तिसऱ्या खेपेला उठणार, चार पावलं लंगडत जाणार आणि पाचव्या पावलाला गाडी सुरळीत. जुन्या स्कूटरसारखं. सकाळी चोक द्यावा लागतो, पण एकदा पेटली की पौडपर्यंत जाते.

मीही हुबेहूब असाच उठतो. फरक एवढाच, की मी उठताना "आई गं" म्हणतो आणि तो म्हणत नाही. आपल्याकडची सगळी वैद्यकी या "आई गं"वर उभी आहे. जो म्हणतो त्याला गोळी, मलम, गरम पाण्याची पिशवी आणि शेजाऱ्यांची विचारपूस मिळते. जो म्हणत नाही त्याला "वय झालंय" हे निदान मिळतं. फुकट मिळतं, एक्स-रे लागत नाही, आणि एकदा दिलं की पुढे कुणाला काही करावं लागत नाही. मी स्वतः ते सहा महिने येणाऱ्याजाणाऱ्याला देत होतो.

वरुणरावांचा पाय घसरतो ही बातमी गावात फुटली आणि सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. माणसाच्या दुखण्यावर सल्ला देताना थोडी तरी भीड असते. कुत्र्याच्या बाबतीत तीही नसते.

शेजारचे आप्पा पहिले आले. आप्पांनी हयातभर बैल सांभाळले. ते वरुणरावांभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "डाग द्या. सळई लाल करायची, खुब्यावर दोन रेघा वडायच्या. आमचा ढवळ्या दुसऱ्या दिवशी नांगराला हुबा." तापलेली सळई बघून मीसुद्धा उभा राहिलो असतो, नांगराला काय, निवडणुकीलाही. आप्पांच्या पिढीला त्यात क्रूरपणा वाटत नव्हता, हातात तेवढंच होतं. याच आप्पांच्या घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची. वर्षभर जू ओढून आलेला बैलाचा खांदा तूप-हळदीने मळायचा, शेकायचा. जनावराच्या खांद्यासाठी सणातला एक अख्खा दिवस राखून ठेवणारी माणसं आपण. कुत्र्या-मांजराचा खुबा तेवढा पंचांगातून सुटला.

मग कामाला येणाऱ्या मावशी. त्यांनी निर्गुडीचा पाला आणला आणि तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक दिला. वरुणरावांना हे फार आवडलं. त्यांनी दुसरी बाजूही पुढे केली.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बंगल्यातल्या वहिनी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "बाळंतिणीच्या सांध्यांना चालतात, मग याला का नाही?" असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद. वरुणरावांनी वाद न घालता एक लाडू उभ्या उभ्या गिळला. त्यात बेदाणे होते की नव्हते यावर पुढे जी चौकशी झाली, तिच्याबद्दल नंतर.

कुणी बिब्बा सुचवला, कुणी लसूण घालून कढवलेलं तेल. एका सद्गृहस्थांनी खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टीच काढली. "मला यानेच फरक पडला, अर्धी त्याला द्या." आपल्याकडे औषध वाटणं हा प्रसाद वाटण्याचाच एक प्रकार आहे. नको म्हटलं की देणाऱ्याला वाईट वाटतं.

पण आप्पांच्याच घरी मला पहिली खरी गोष्ट दिसली. एका संध्याकाळी गप्पा मारायला त्यांच्या जुन्या घराच्या पडवीत बसलो होतो. वरुणराव सोबत. पडवी शेणाने सारवलेली. निघताना मी नेहमीप्रमाणे "आई गं" करून उठलो आणि बघतो तर हा माझ्या आधी उठून फाटकाशी उभा. एका दमात. घसरण नाही, विराम नाही, निःश्वास नाही. सारवलेल्या खरबरीत जमिनीत नखं रुततात, पंजा धरून राहतो. आम्ही चौरस फुटाला चांगले पैसे मोजून त्याच्या पायाखाली वर्षभर बर्फ अंथरला होता.

तरीही "वय झालंय" हेच चाललं असतं, पण मलमाचं प्रकरण झालं. मी दुपारी गुडघ्याला माझं दुखण्याचं मलम चोळून व्हरांड्यात पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने गुडघ्याला गार वाटायला लागलं. मला वाटलं, आज मलम भलतंच गुण देतंय. पेपर खाली केला तर वरुणराव माझा गुडघा मन लावून चाटत होते. अर्धं मलम त्यांच्या पोटात. हिने नळीवरची बारीक अक्षरं वाचली, डॉक्टरांना फोन लावला आणि पाचव्या मिनिटाला आम्ही गाडीत होतो. माझ्या गुडघ्यासाठी एवढी लगबग घरात कधी झाल्याचं मला आठवत नाही.

पिरंगुट ते भूगाव या रस्त्याने गेलं की कुठला सांधा दुखतो ते तपासणीशिवायच कळतं. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटाने पाडला, 2023 च्या ऑगस्टात नवे पूल सुरू झाले, त्यामुळे चौकात आता अडकायला होत नाही. आता भूगावातच अडकायला होतं. त्या अडकलेल्या पाऊण तासात हिने मला कुत्र्यासमोर मलम लावू नये यावर व्याख्यान दिलं आणि वरुणरावांनी मागच्या सीटवरून त्याला मूक अनुमोदन दिलं.

डॉक्टरीणबाई तरुण, पण जिभेने अनुभवी. आधी त्यांनी मलमाचा बंदोबस्त केला. नळीवरचं नाव होतं डायक्लोफिनॅक. माणसाच्या गुडघ्याला उतार देणारं हे औषध कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला भारी पडतं. याच औषधाने आपली गिधाडंही संपवली, हे त्यांनी सलाइन लावता लावता सांगितलं. लंगडणाऱ्या गाईबैलांना ते सर्रास टोचलं जायचं, जनावर मेलं की गिधाडं त्याच्यावर उतरायची, आणि मांसात उरलेल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली, तेव्हा 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आप्पांच्या ढवळ्याला डाग मिळाला, त्याच्या पुढच्या पिढीला सुई मिळाली, आणि भरपाई आकाशातल्या पक्ष्यांनी केली. माझी नळी मी गुपचूप खिशात ढकलली.

मग लाडवाची चौकशी निघाली. बेदाणे-मनुका कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा-लसूण रक्ताला वाईट. "लाडू कुणी दिला?" या प्रश्नावर आम्ही दोघांनी एकदमच छताकडे बघितलं. वहिनींना तिथूनच फोन केला. बेदाणे घातलेच नव्हते, महाग झालेत म्हणून. महागाईचे आभार मानायची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

मलमाने निभावलं. पण टेबलावर चढवलंच आहे तर म्हणून बाईंनी वरुणरावांचा मागचा पाय हळूच मागे ताणला, आणि बारा वर्षांत न बोललेला तो कुत्रा एक शब्द बोलला. लहानसाच, "हं" असा. हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक्स-रे निघाला. खुबा म्हणजे उखळीचा सांधा, शाळेत शिकलो होतो. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत घट्ट बसला पाहिजे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा जातींत तो ढिला बसण्याचा दोष आनुवंशिक असतो. ढिल्या उखळीत गोळा वर्षानुवर्षं खडखडतो, हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, सांध्यातलं वंगण पातळ होतं, कडेने नवं हाड ओबडधोबड वाढतं. जनावर दुखरा पाय कमी वापरतं, म्हणून मांडीचा स्नायू वाळतो, स्नायू वाळला की सांध्याला आधार उरत नाही, आणि आधार नाही म्हणून आणखी दुखतं. "वय झालंय" या दोन शब्दांत आम्ही एवढं सगळं कोंबून ठेवलं होतं.

"बदलता येतो का हो खुबा?" हिने विचारलं. तिच्या बहिणीचे दोन्ही गुडघे बदललेत आणि ती आता चारधाम करून आलीय. कुत्र्यांचाही बदलता येतो, बाई म्हणाल्या, पण याच्या बाबतीत आधी दुसऱ्या गोष्टी करू. मग त्यांनी रतन टाटांची गोष्ट सांगितली. त्यांच्या एका कुत्र्याचा सांधा बदलायचा होता, म्हणून त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावं लागलं. तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, एका ठरावीक स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. अशी सोय आपल्याकडे हवी, हे त्यांनी तिथे बघून मनात धरलं आणि 2024 साली मुंबईत महालक्ष्मीला लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. गावी आल्यावर मी ही गोष्ट आप्पांना सांगितली. मुळशी तालुक्यात टाटा म्हटलं की विषय धरणावर जातो. 1921 चा सत्याग्रह, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली गावं. आप्पांच्या आजीचं माहेर त्यातलंच. आप्पा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कुत्र्यासाठी माणूस एवढ्या लांब गेला. पर उशीर झालाच ना?" सगळ्या गोष्टीतून आप्पांनी नेमका तेवढाच शब्द उचलला.

तर दुसऱ्या गोष्टी. पहिली वजन. काट्यावर वरुणराव 42 किलो भरले. नर लॅब्रॅडॉर साधारण 29 ते 36 किलोंत असावा. "काय खातो?" बाईंनी विचारलं. "काही नाही हो, दोन वेळचं मोजून," ही म्हणाली, आणि ते खरंच होतं. घरी तो मोजूनच खायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला मी त्याच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून चाललो. ती फेरी नव्हती, वारी होती, आणि मुक्काम ठरलेले होते. पहिला आप्पांकडे, रात्रीची भाकरी दुधात कुस्करून. दुसरा किराणा दुकानापुढे, फुटलेल्या पुड्यातली बिस्किटं. तिसरा चहाच्या टपरीवर, तिथे त्याचं खातं असावं, कारण टपरीवाल्याने काही न विचारता दोन खारी टाकल्या. मग शाळेचं फाटक, पोरांचे डबे. परतीच्या वाटेवर वहिनींकडे आंबेमोहर भात आणि वर तूप. घरी पोचल्यावर तो आमच्या मोजलेल्या वाटीपुढे उपाशी चेहऱ्याने बसला. इतका अभिनय मी बालगंधर्व रंगमंदिरातही बघितलेला नाही.

बाईंनी एक प्रयोग सांगितला होता. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर मोजून जेवू घातलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी. चौदा वर्षं चाललेल्या या खटाटोपाचा निकाल 2002 मध्ये छापून आला. कमी जेवणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि सांधेदुखीसाठी औषध सुरू करायची वेळ त्यांच्यावर तीनेक वर्षं उशिरा आली. नुसत्या कमी जेवणाने. आपल्या आज्या दोन घास कमी खा म्हणत होत्याच, फक्त त्यांनी ते कुत्र्यावर सिद्ध करून दाखवलं नव्हतं.

मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे अडचण आली की माझा हात आपोआप पाटीकडे जातो. वरुणरावांच्या गळ्यात पुठ्ठा अडकवला: 'मी जेवलेलो आहे. चेहऱ्यावर जाऊ नये. देणाऱ्यास माझे सांधे दुखण्याचे पाप लागेल.' पाटीचा परिणाम दांडगा झाला. पाटी वाचायला लोक त्याला थांबवू लागले, आणि थांबवलंच आहे तर रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं, म्हणून काहीतरी देऊ लागले. पंधरवड्यात वजन 400 ग्रॅमने वाढलं. शेवटी आप्पांनी पारावर एकदाच आवाज चढवला, "ज्याला कुत्र्याचा एवढा पुळका, त्यानं त्याला उचलून दवाखान्यात न्यावं." 42 किलो उचलायच्या कल्पनेने गाव सुधारलं.

औषधं सुरू झाली, कुत्र्यांसाठी बनवलेली, वजनावर मोजून, आणि आधी रक्त तपासून. मूत्रपिंड, यकृत ठीक आहे का ते बघितल्याशिवाय गोळी नाही, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. माझ्या डॉक्टरांनी मला गोळी देण्याआधी रक्त तपासल्याचं आठवत नाही, पण मी काही टेबलावर 'हं' म्हणत नाही. सांध्यांच्या पूरक पावडरींबद्दल बाई स्पष्ट बोलल्या. ग्लुकोसामाइनचा डबा दिसायला देखणा असतो, पुरावा मात्र पातळ. त्यापेक्षा माशाच्या तेलाचा थोडा भरवसा धरता येतो. आमचं घर शाकाहारी. मी जवसाचा मुद्दा काढला, त्यातही ओमेगा-3 असतं. बाई म्हणाल्या, जवसातलं कुत्र्याच्या अंगी फारसं लागत नाही, मांजराच्या तर त्याहून नाही, आणि तुमच्या जवसाच्या चटणीत लसूण असेल. तेव्हा माशाचं तेल आलं. ही आता ते नाकाला पदर लावून, सोवळ्यातल्यासारखं हात लांब करून वाढते. "तो कुठे आपल्या पंगतीला बसतो?" असं तिने स्वतःच स्वतःला समजावलं.

फिरणं बंद करायचं नाही, उलट लांब एका फेरीऐवजी छोट्या तीन. नखं कापायची, पंजाच्या गाद्यांमधले केस कापायचे, म्हणजे पकड येते. गाडीत चढताना उडी नाही, फळी. हे सगळं पाळताना मला दिवसाला तीनदा चालायला लागलं आणि माझाच गुडघा सुधारला. घरात त्याचं श्रेय कुत्र्याला दिलं जातं.

राहिली फरशी. फरशी उखडायचा विषय मी काढला, पण गवंड्याचा आकडा ऐकून माझा दुसरा गुडघाही दुखायला लागला. आधी सतरंज्या अंथरल्या. सतरंजी व्हिट्रिफाइडवर कुत्र्यासकट घसरत खिडकीपर्यंत जाते, हे त्या दिवशी कळलं. मग आप्पांनी गोणपाटं दिली. दोन गोणपाटं एकावर एक शिवली, कडा फरशीला चिकटपट्टीने पक्क्या केल्या. पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत एक रस्ता, दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत दुसरा. हॉल भुसार मालाच्या गोदामासारखा दिसतो. कोथरूडचे पाहुणे येतात, आधी फरशीचं कौतुक करायला तोंड उघडतात आणि मग फरशी शोधतात. पण वरुणराव गोणपाटावर पहिल्या खेपेला उठतात. परवा तर मागचा पाय रोवून त्यांनी सवयीने मागे वळून बघितलं. पाय जागेवर होता. जरा गोंधळल्यासारखे दिसले.

ठमीकडे येतो. त्या पहिल्या भेटीत निघताना बाईंनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणी म्हातारं आहे का?" हिने माझ्याकडे बघितलं. "प्राण्यांबद्दल विचारतेय," बाई म्हणाल्या. "तसं मांजर आहे, पण तिला काही नाही. उलट हल्ली फार शहाणी झालीय, ओट्यावर चढत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मांजर लंगडत नाही. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच धरले तर लंगडणार कुणीकडे? ते फक्त एकेक गोष्ट सोडत जातं. अमेरिकेतच बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तर त्यातल्या नव्वदांचे सांधे झिजलेले निघाले. पण आपलं मांजर म्हातारपणी शांत झालं असं म्हणून लोक खूश असतात. ठमीला दवाखान्यात आणू नका, घरी चालताना, चढताना मोबाइलवर टिपून पाठवा, असं सांगितलं, कारण मांजर डॉक्टरांपुढे दुखणं लपवतं आणि नखं दाखवतं.

टिपताना आम्हाला आमचंच मांजर पहिल्यांदा दिसलं. खिडकीत उडी मारण्याआधी ती तीनदा मनाशी हिशेब करायची आणि चौथ्यांदा विचार रद्द करून, आपण सहज आलो होतो अशा चेहऱ्याने अंग चाटायला बसायची. चाटायची तेही पुढचं अंगच. कमरेपाशी तोंड पोचत नव्हतं, म्हणून पाठीवरचे केस गुठळ्या झालेले. आणि हल्ली ती वाळूच्या ट्रेऐवजी शेजारच्या पायपुसण्यावर उरकायची, त्याबद्दल तिला आम्ही काय काय बोललो होतो. ट्रेची कड सहा इंच उंच होती. तिला ती ओलांडता येत नव्हती, एवढंच.

कड एका बाजूने कापली, पायपुसणं त्या दिवसापासून कोरडं. औषधाच्या बाबतीत बाईंनी आमच्याकडून जवळजवळ शपथच घेतली: ताप-अंगदुखीची घरातली साधी गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला कधीही नाही, तुकडाही नाही. ती पचवायची सोयच मांजराच्या यकृतात नाही, एका गोळीने जीव जाऊ शकतो. तिचं औषध वेगळं, थेंबांत मोजायचं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

खिडकीसाठी पायऱ्या हव्या होत्या. माळ्यावरून दोन पाट काढले, त्यांवर जुनी पत्र्याची पेटी, तरी एक पायरी कमीच पडत होती. शेवटी मी गणपतीचा चौरंग काढला. ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तो गणपतीचा आहे." मी म्हटलं, दहा दिवस त्यांचा, उरलेलं वर्ष रिकामाच असतो. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी चौरंगावर जुन्या नऊवारीची चौपदरी घडी अंथरलेली दिसली, आणि तिच्यावर ठमी. तिथून पेटी, पेटीवरून खिडकी. बाहेर खाचरात बगळे उतरले होते. चार महिन्यांनी तिने ते बघितले.

गेल्या मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातून मोठी किंकाळी आली. मी गुडघा विसरून धावलो. ठमी ओट्यावर होती. दह्याच्या भांड्याचं झाकण सरकलेलं, मिशा पांढऱ्या. ही हातात लाटणं घेऊन उभी होती आणि हसत होती.

वरुणराव आज 36 किलोंवर आलेत. तुम्ही कधी कासार आंबोलीला आलात तर आमच्याकडे जरूर या. येताना बिस्किटं, खारी, लाडू काही आणू नका, तो कितीही बिचाऱ्या चेहऱ्याने बघत असला तरी. गोणपाटं असतील तर आणा, धुतलेली, कारण स्वयंपाकघराकडचा रस्ता अजून व्हायचा आहे.